तीन नंबरच्या बोटीचं पॉलिश

गिरणारे, नाशिक
१८ जानेवारी २०२६

चि. सरिताला झुंबरदादाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुमचं तिकडे बरं चाललं असेल असं धरून चालतो, कारण फोन केला की तू "बरंय दादा" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. दाजींनी तर फोन वापरणंच सोडलं. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

थंडी यंदा लय आहे. सकाळी धरणावर पोचतो तेव्हा पाण्यावरून वाफ उठत असते आणि बोटं वळत नाहीत. तुझ्या भागुवहिनीने यंदा झेंडूऐवजी शेवंती केली. पहाटेच फुलं घेऊन बाजारात जाते, दहाला परत येते, मग स्वयंपाक. गुडघे दुखतात तिचे, पण ऐकत नाही. मी तिला सांगतो बस, ती मला सांगते तुम्ही बसा. दोघंही बसत नाही.

माझा उजवा खांदा गेल्यात जमा आहे. पॉलिशच्या मशीनने गेला. तू कधी विचारलं नाहीस की तुझा भाऊ त्या बोटिंगवर नक्की करतो काय. सगळ्यांना वाटतं मी बोटींना रंग मारतो. फायबरच्या बोटीला रंग नसतो, सरू. सगळ्यात वर एक थर असतो, जेलकोट म्हणतात त्याला. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल एवढीच जाडी. चमक त्याची, आणि पाणी अडवतो तोही तोच. ऊन त्याला खातं. दोन उन्हाळे बोट उघड्यावर ठेव, मग नुसता तळहात फिरव, हाताला खडूसारखी पांढरी पूड लागते. म्हणून वर्षातून दोनदा बोट बाहेर ओढायची, साध्या साबणाने मऊ स्पंजने धुवायची, पाण्याच्या रेषेवरची हिरवी-पिवळी राप उतरवायची. काही लोक त्याला ॲसिड लावतात. अर्ध्या तासात काम होतं, पण जेलकोट मरतो. मी कधी लावलं नाही. मग मशीनने घासायची, आणि शेवटी मेण. मेण हातानेच लावायचं, गोल गोल, एका वेळी सुपाएवढ्या जागेला. ते धुरकट झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून काढायचं. एका बोटीला चार दिवस लागतात. आमच्याकडे सात बोटी आहेत.

पंचवीस वर्षं अंबडच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या केल्या, तेव्हा वाटायचं हेच जड काम. आता वाटतं ते बरं होतं. टाकीत कुणी बसत नाही.

सहा बोटी झाल्या. काल कुंदनशेठ आले होते. बोटिंगचा ठेका अजून त्यांच्याकडेच आहे. शेडभोवती फिरले, सहा नंबरच्या बोटीत तोंड बघितलं, खूश झाले. मग म्हणाले, "झुंबर, आता तीन नंबर काढ. मेच्या सुटीला पाण्यात पाहिजे."

तीन नंबर म्हणजे तीच, बुडालेली. कोर्टाने ती शेठच्या ताब्यात दिली त्याला वर्ष होत आलं. शेडच्या मागे ताडपत्रीखाली पडून आहे. मी म्हणालो, "शेठ, केस चालू आहे." ते म्हणाले, "केस ड्रायव्हरवर आहे, बोटीवर नाही." मी पुढे बोललो नाही. एवढ्यात बोलायचाही कंटाळा येतो.

असो.

दाजी कसे आहेत? खळ्यावर कांदा निवडायला अजून जातात का? ज्या माणसाने बारा वर्षं बोट चालवली त्याने कांद्याच्या ढिगापाशी बसावं, हे मनात आलं की मला जेवण जात नाही. तू दिवाळीत वहिनीला म्हणालीस की घरात तुम्ही दोघं कामापुरतंच बोलता. तू त्यांना एकदा तोंडावर म्हणालीस ना, "तुमच्या हातून एक बाई मेली, आता माझ्याशी हसून बोलू नका"? वहिनीने मला सांगितलं. सरू, तसं बोलू नको. मी मोठा आहे म्हणून सांगतो. का ते विचारू नको, पण बोलू नको.

त्यांना झोप लागते का? तेवढं कळव.

वहिनीने शेवंतीचं रोप तुला देवळ्याला पाठवायचं म्हटलंय. कुणी येणारं मिळालं की देते.

तुझा
झुंबरदादा


गिरणारे, नाशिक
९ फेब्रुवारी २०२६

चि. सरिता, आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. तू पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं. चौथीतलं तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं. मी ते तीनदा वाचलं आणि वहिनीला एकदाच वाचून दाखवलं, तेही सगळं नाही.

तू लिहितेस की दाजी आता थकले. बारा मार्चच्या तारखेला उभं राहायचं आणि गुन्हा कबूल करून टाकायचा, जी शिक्षा होईल ती भोगायची, असं त्यांनी ठरवलंय. आणि तू पुढे लिहितेस, "एकदाचं संपेल, दादा. मलाही तेच बरं वाटतं."

सरू, त्यांना थांबव.

मी कारण लिहीन. आज नाही. आज फक्त एवढंच, की बारा मार्चच्या आधी त्यांनी कुठल्या कागदावर सही करू नये. वकिलाने आणलेल्या कागदावरही नाही. तू त्यांना हे सांगितलंस एवढं मला उलट टपाली कळव.

आता इकडे काय झालं ते सांगतो.

मागच्या मंगळवारी मी तीन नंबरवरची ताडपत्री काढली. शेठने दोनदा निरोप पाठवला होता. पालथी ठेवलेली बोट, वर सव्वा वर्षाची धूळ, पाखरांची घाण, पाला. मी पाइप लावला आणि धुवायला घेतली. वरचा भाग धुतला. मागचा धुतला. तळाकडे पुढच्या बाजूला, जिथे फुटली आहे तिथे, मी पाणी मारलं नाही. बाकीचं आधी उरकू म्हणून तिकडे वळलोच नाही.

तेवढ्यात फाटकातून एक मुलगी आली. पंचविशीची असेल. पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी. मला वाटलं तिकिटाचं विचारायला आली. ती सरळ शेडकडे आली आणि बोटीवरचा आकडा बघून उभी राहिली.

"हीच का तीन नंबर?"

मी हो म्हणालो.

"मी तृप्ती. मालेगावहून आले. प्रतिभा मॅडम माझी आई."

पाइप माझ्या हातात तसाच चालू राहिला, सरू. तिच्या चपला भिजल्या तेव्हा मला कळलं आणि मी नळ बंद केला. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत गेली ती बाई हिची आई. मालेगावला शाळेत मास्तरीण होती. बहिणीबरोबर फिरायला आली होती. पेपरात फोटो आला होता, तेवढाच मी बघितलेला. मुलगी तशीच दिसते, कपाळ मोठं.

मी खुर्ची आणून दिली. ती बसली नाही.

ती म्हणाली, "मावशी होती बोटीत. ती सांगते, आईने फोटोसाठी जाकीट काढलं होतं. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, बाई, जाकीट घाला. आईने ऐकलं नाही. मग सगळं पाण्यात गेल्यावर तो सारखा बुड्या मारत होता. बाकीच्यांना त्यानेच काढलं. मावशीलाही."

मी मान हलवली.

"मला त्या ड्रायव्हरचा राग येत नाही, काका. सगळे म्हणतात यायला पाहिजे. मी कोर्टात त्याला बघते. मान खाली घालून बसलेला असतो. राग धरू तरी कुणावर, तेच कळत नाही."

मग तिने बोटीवर हात ठेवला. धुतलेल्या बाजूला, जिथे माझं जुनं पॉलिश अजून टिकलं आहे. एवढे दिवस ताडपत्रीखाली राहूनही तिथे चेहरा दिसतो. तिने तळहात फिरवला आणि विचारलं, "अजून नवी वाटते. इतकी चांगली बोट अशी फुटली कशी?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, ताई."

मग नाशिकरोडची बस कुठून मिळते विचारून ती गेली. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायलाही गेलो नाही. नळाशी तसाच उभा राहिलो. मग हात धुतले. साबणाने धुतले, तरी पुन्हा धुतले.

त्या दिवसापासून मी तीन नंबरला हात लावलेला नाही. शेठला सांगितलं खांदा भरला आहे. खोटं नाही, भरलाच आहे.

तुला आठवतं, त्या वेळी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात तू मला विचारलं होतंस, "दादा, बोट तू तपासली होतीस ना?" मी हो म्हणालो होतो. तेवढ्यावर तू वळलीस आणि दाजींकडे बघितलंस. तुझं ते बघणं माझ्या समोरून जात नाही.

पुढचं पत्र तुला नाही, दाजींना लिहीन. त्यांनी वाचल्यावर तू वाच. आधी वाचू नको, एवढं माझं ऐक.

उलट टपाली कळव.

झुंबर


गिरणारे, नाशिक
४ मार्च २०२६

श्री. योगेश दाजी यांस,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. सरूने कळवलं की तुम्ही माझ्या पत्राची वाट बघताय आणि सही केलेली नाही. मी स्वतः आलो नाही. समोर बसून हे मला बोलता आलं नसतं. तुम्ही पाणी विचारलं असतं, आणि मी पाणी पिऊन परत आलो असतो.

दाजी, ती बोट तुमच्या हातून फुटली नाही. ती आधीच फुटलेली होती, आणि ते मला माहीत होतं.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

त्या दिवाळीच्या आधी, वसुबारसेच्या चार दिवस आधी, मी तीन नंबर बाहेर ओढली. धुतली. तळाला पुढे उजवीकडे जेलकोटवर तडे होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. असे तडे पुष्कळदा नुसते वरवरचे असतात. पण मी बोटाच्या सांध्याने वाजवून बघितलं. चांगला फायबर टणटण वाजतो. तिथे ठप्प वाजलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. अंगठा दाबला तर आत जात होता. ताटाएवढी जागा. पाणी आत शिरलं होतं आणि थर एकमेकांपासून सुटले होते. कधी कुठे घासली असेल, कुणाच्या हातून, ते मला माहीत नाही.

त्याला उपाय एकच. सगळं सडकं खरवडून काढायचं, पंधरा दिवस वाळू द्यायचं, आतून-बाहेरून नवे थर चढवायचे, मग जेलकोट. वीस दिवस धरा.

मी शेठला बोलावून दाखवलं. त्यांनीही अंगठा दाबला. म्हणाले, "दिवाळीच्या गर्दीत एक बोट कमी? जमणार नाही. वरून करून दे. दिवाळीनंतर नीट कर."

मी म्हणालो, "शेठ, हे वरून करायचं काम नाही."

ते म्हणाले, "झुंबर, पंचवीस वर्षं फायबरमध्ये काढलीस ना? मग आठ दिवस टिकेल असं करता येत नाही का तुला?"

आणि दाजी, मी केलं. ओल्यावरच पुट्टीसारखी लांबी भरली, वर जेलकोट मारला, घासायला आठशेचा कागद, मग हजाराचा, मग मशीन, मग मेण. इतकं साफ केलं की दुसऱ्या दिवशी मलाही ती जागा बोट लावून शोधावी लागली. रजिस्टरमध्ये ‘बोट ठीक’ लिहिलं आणि सही केली. तुम्ही सकाळी आलात, बोटीभोवती फेरी मारली आणि म्हणालात, "दादा, नवरीसारखी सजवली की." मी हसलो.

तुम्ही विचाराल, का केलं. मी सव्वा वर्ष वेगवेगळी उत्तरं करून बघितली. नोकरी जाईल ही भीती होती. मी नाही म्हटलं तर शेठ दुसऱ्याकडून करून घेतील, हेही मनात आलं. तुम्हाला त्या कामावर मीच लावलं होतं, माझ्यामुळे तुमचंही काम जाईल, असंही स्वतःला सांगितलं. पण यातलं कुठलंच पुरतं खरं नाही. खरं एवढंच की मी दमलो होतो. सहा बोटी उरकल्या होत्या, खांदा ठणकत होता, आणि वाद घालायची ताकद नव्हती. हो म्हणणं सोपं होतं. एका बाईचा जीव माझ्या कंटाळ्याने गेला. हे लिहून काढलं तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.

त्या दिवशी मी धक्क्यावर होतो. आरडाओरडा ऐकू आला. आम्ही दुसरी बोट घेऊन पोचलो तोवर तुम्ही नऊ माणसं धरणातल्या बेटाच्या काठाला लावली होती आणि दहाव्यासाठी बुड्या मारत होता. तुम्हाला आम्ही जबरदस्तीने बाहेर ओढलं. तुमचे ओठ निळे होते. तुम्ही एवढंच म्हणत होता, "खाली कायतरी लागलं. माझंच चुकलं. मला दिसलं नाय."

तुम्ही ते म्हणालात आणि सगळ्यांनी ते धरलं. पोलिसांनी, पेपरवाल्यांनी, सरूने. तुम्ही स्वतःही.

संध्याकाळी बोट ओढून आणली आणि पालथी केली. तेव्हा मी बघितलं. तुम्हाला जे लागलं ते मधल्या कण्याला लागलं आहे. तिथे नुसता ओरखडा आहे, करंगळीएवढा. जेलकोटसुद्धा पुरता निघालेला नाही. भोक आहे ते तिथून दीड हात बाजूला. गोल. ताटाएवढं. माझं ठिगळ जसंच्या तसं सुटून गेलं होतं. तेवढ्या हादऱ्याने चांगल्या बोटीला काही झालं नसतं, दाजी. तुम्ही पाण्याखालच्या बुंध्यांना आणि दगडांना बारा वर्षांत कितीदा घासला असाल.

माझ्या शेजारी हवालदार लिहून घेत होता. त्याने विचारलं, "मेंटेनन्स तुम्ही बघता?" मी हो म्हणालो. "बोट बरी होती?" मी पुन्हा हो म्हणालो. दोनदा हो, आणि तुमचं सगळं गेलं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे.

आता गेल्या तीन आठवड्यांत काय केलं ते सांगतो. शेठने तीन नंबर दुरुस्त करायला का सांगितली ते मला ताडपत्री काढल्यावर कळलं. भोकाच्या कडेला माझी लांबी अजून चिकटलेली आहे, पिवळट, आणि तिच्याखाली काळा पडलेला फायबर. बघणाऱ्याला एका नजरेत कळेल. मी ती कड घासून साफ केली असती तर बोलायला काहीच उरलं नसतं. शेठने ते तोंडाने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, आमचं ते आधीच एकदा झालं होतं.

आधी तुमच्या भागुवहिनीला सांगितलं. ती शेवंतीच्या जुड्या बांधत होती. सगळं ऐकलं. हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि म्हणाली, "आणि तुम्ही सव्वा वर्ष माझ्या ताटाला ताट लावून जेवलात?" त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझा धुतलेला सदरा काढून ठेवला आणि म्हणाली, "जा."

मी तुमच्या वकिलाकडे गेलो. तो आधी चिडला. मग म्हणाला, "काका, तुम्ही हे बोललात की आरोपीत तुमचंही नाव येऊ शकतं. कळतंय ना?" मी म्हणालो कळतंय. त्याने अर्ज केला. कोर्टाने बोटीची तपासणी करायला सांगितलं. पण पंच यायला चार दिवस होते, आणि शेठला तोवर कुणकुण लागली.

मी त्या चार दिवसांत एक फोन केला. मालेगावच्या त्या मुलीने, तृप्तीने, जाताना ऑफिसात नंबर लिहून ठेवला होता. तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, ताई."

"मी हात ठेवला होता त्या बोटीवर."

"हो."

मग म्हणाली, "त्या बोटीला आता कुणाला हात लावू देऊ नका." आणि फोन ठेवला. मला माफ केलं नाही तिने. मी माफी मागितलीही नाही.

मी खुर्ची घेऊन तीन नंबरपाशी बसलो. सकाळी उजाडताच जायचो आणि फाटकाला कुलूप लागेपर्यंत बसायचो. रात्री वॉचमन फकिरा असायचा. तो म्हणाला, "तू जा घरी, मी हाये ना." तोही खरंच जागा राहिला. तिसऱ्या दिवशी शेठ आले. ओरडतील वाटलं होतं. ते शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले.

"झुंबरभाऊ, मुलीबाळींची लग्नं झाली आपली. आता कशाला उकरतो? योगेशला दोनेक वर्षं होतील, सुटून येईल. त्याला मी कामावर घेतो. तू बोललास तर तू बी अडकशील."

मी म्हणालो, "अडकलोच हाय शेठ."

"मी सांगेन, मला माहीतच नव्हतं. तूच केलंस. सही तुझी आहे."

"माझीच आहे. मी तेच सांगणार हाय. तुम्ही अंगठा दाबून बघितला होता, ते पण सांगणार हाय."

ते उठले, बोटीकडे बघितलं आणि गेले. मला वाटलं होतं मला राग येईल. नाही आला. त्यांचेही केस पांढरे झालेत. ते दमलेले दिसले.

पंच आले. सोबत पॉलिटेक्निकचे एक सर होते. त्यांनी कड कापून घेतली, पिशवीत घातली, सील केली. फोटो काढले. ओरखडा मोजला, भोक मोजलं, मधलं अंतर मोजलं. सरांनी बोटीच्या चांगल्या भागावर हात फिरवला आणि मला विचारलं, "पॉलिश तुमचं?" मी हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. मी माझा जबाब दिला, साडेतीन पानं. प्रत्येक पानावर सही केली. या वेळी जे होतं तेच लिहिलं.

काम गेलं. ते जाणारच होतं. वहिनीबरोबर आता मीही बाजारात फुलं घेऊन बसतो. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही मला, ती हसते. वकील म्हणाला, माझ्यावर केस होईल बहुतेक. होऊ द्या. शिक्षा किती होईल ते त्याने सांगितलं, मी नीट ऐकलं नाही. मला खूप झोप येत होती. त्या दिवशी घरी येऊन दुपारीच झोपलो तो दुसऱ्या दिवशी उठलो.

दाजी, मी तुमच्याकडून काही मागत नाही. तुमचं सव्वा वर्ष मला परत देता येणार नाही, आणि त्या बाईला तर नाहीच. पुढच्या राखीला सरूने मला राखी बांधू नये असं तिला वाटलं तर ते बरोबर आहे, तुम्ही मध्ये पडू नका. फक्त एक सांगतो. तिने तुम्हाला जे शब्द ऐकवले ते खरं तर माझ्यासाठी होते. ती तेव्हा माझ्या तोंडावर विश्वास ठेवून बोलली. तिच्यावर राग धरू नका.

बारा तारखेला अकरा वाजता नाव पुकारतील. तुम्ही गुन्हा कबूल नाही एवढंच म्हणा, बाकी वकील बघेल. मी बाहेरच्या बाकावर असेन. तुम्हाला माझ्याशेजारी बसायचं नसेल तर मी उभा राहीन, मला सवय आहे. तृप्तीही येणार आहे, तिने वकिलाला तसं कळवलंय. ती तुमच्याकडे बघेल. या वेळी मान खाली घालू नका, दाजी. तुम्ही नऊ माणसं काढलीत पाण्यातून.

पत्र वाचून झालं की सरूला द्या, आणि ती वाचत असताना तिच्याजवळ बसा.

ज्याने ‘बोट ठीक’ लिहिलं तो,
झुंबर